जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या ड्यूटीत, फक्त टीपीआर (टेंपरेचर, नाडी, श्वास मोजणं) आणि बेड मेकिंगच करून घेतात का? इंजेक्शन कधी शिकवतात?

‘फी भरून मावशीचं काम शिकायचं का,’ असं तुम्ही मुलीबद्दल विचारलंय. पहिल्या वर्षी सुरुवातीला जास्त करून हेच करतात. आणि मावशींना हिणवू नका, वॉर्ड त्यांच्या जिवावर चालतो.

टीपीआरवरून मी एकदा चांगलीच पोळलेय, म्हणून लिहितेय.

सरकारी हॉस्पिटल, पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, संध्याकाळची ड्यूटी. बेड चाळीस, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, तसंच धरून छातीकडे बघत पूर्ण मिनिट श्वास मोजायचे, असं आम्हाला शिकवलेलं. आपले श्वास मोजतायत हे कळलं की पेशंट वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मी इमानदारीत तसंच करत होते, त्यामुळे सहा वाजून गेले तरी अकराच पेशंट झालेले. डॉक्टरांचा राऊंड साडेसहाचा. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "अगं, रात्र करतेस का? बाकीचे भरून टाक. श्वास सगळ्यांचे वीस लिही."

भरले.

तेवीस नंबरला मी टेंपरेचर ९८.४, नाडी ७६, श्वास २० लिहिले. राऊंडला सरांनी चादर ओढली तर आत लांबट उशी. शेजारच्या बेडवरचे आजोबा म्हणाले, "ते दुपारचं जेवण झाल्यावरच गेले की, पिशवी घेऊन." सरांनी माझा चार्ट मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "श्वास वीस. उशीचे का?" अख्खा वॉर्ड हसला. सिस्टर म्हणाल्या, "स्टुडंटनं लिहिलंय सर, मला काही माहीत नाही."

ट्युटरनी माझी आठवड्याची हजेरी कापली. परीक्षेला ८० टक्के हजेरी चालते, पण डिप्लोमा हातात पडायच्या आधी क्लिनिकलची १०० टक्के भरावी लागते. बॅच सामान बांधून घरी गेली आणि मी सात दिवस त्याच वॉर्डात, त्याच सिस्टरांच्या हाताखाली. त्यांनी चहा विचारला. मी घेतला नाही.

आता मी स्वतः वॉर्ड इन्चार्ज आहे. स्टुडंट म्हणजे फुकटचा स्टाफ नव्हे, हे मी माझ्या सिस्टरांना रोज ऐकवते, त्यांना कंटाळा आलाय. माणसं कमी असतील तर मेट्रनशी, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांशी भांडा, ती कमतरता पोरींच्या चार्टवर कशाला भरून काढता? त्या संध्याकाळी एवढ्या पेशंटांना माझ्या त्या सिस्टर एकट्या होत्या, हे आज मला कळतं. पण ‘मी सांगितलं होतं’ एवढं म्हणायला जादा स्टाफ लागत नाही.

तर इंजेक्शन. आधी लॅबमध्ये पुतळ्यावर, मग ट्युटर शेजारी उभ्या असताना पेशंटला. नक्की कधी ते प्रत्येक कॉलेजचं वेगळं. घाई करू नका. कमरेतली सुई चुकीच्या जागी गेली तर पायाची नस दुखावते, पाऊल लुळं पडू शकतं. त्यापेक्षा मुलीला विचारा, ट्युटर वॉर्डात येतात का, आणि प्रोसिजर बुकवर (केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सही काम बघून करतात की ऑफिसात बसून गठ्ठ्यानं? गठ्ठ्यानं होत असतील तर प्रिन्सिपॉलना भेटा, तिथे मात्र गप्प बसू नका.

हे सगळं भरलेल्या हॉस्पिटलचं झालं. एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हा नर्सिंग कौन्सिलचा हिशेब. कॉलेज खासगी असेल आणि बेडच रिकामे असतील तर तुमची तक्रार रास्त आहे, मी वर जे काही बोलले ते तिथे लागू नाही.

आणि तिला सेकंद काट्याचं घड्याळ घेऊन दिलंय ना? वॉर्डात मोबाइल काढू देत नाहीत.