वाचकांचे प्रश्न : मिशनच्या मुलींच्या शाळेचं साल

प्रश्न : मुंबईतली आमची मुलींची शाळा मिशनऱ्यांनी काढलेली आहे. दारावरच्या फलकावर एक स्थापनावर्ष, जुन्या स्मरणिकेत दुसरं आणि सरकारी मान्यतेच्या कागदावर तिसरंच. खरं कोणतं धरायचं?

उत्तर : तिन्ही खरी असू शकतात. एखाद्या बाईंनी वस्तीत पहिला वर्ग भरवला ते एक साल, विखुरलेले वर्ग एका इमारतीत आले ते दुसरं आणि सरकारने नोंद घेतली ते तिसरं. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये पती, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याबरोबर आल्या आणि त्यांनीही मुलींचे वर्ग सुरू केले. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपलं १८३२ हे साल त्याच कामाशी जोडते. हे वर्ग म्हणजे बहुधा एखादी खोली आणि एक पंतोजी. मुलीचं लग्न झालं की तिचं नाव कमी होई, पंतोजी सोडून गेले की वर्ग मोडे, मग दुसऱ्या आळीत पुन्हा उघडे. म्हणून इतकं जुनं साल लिहिताना कोणता वर्ग, कुठे आणि कोणी भरवला, हेही लिहावं. नुसतं साल फलकावर कोरणं हा त्या बायकांच्या कष्टांवर अन्याय आहे.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाच्या पत्राने, खासगी शाळांना अनुदानाची वाट उघडली आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं. अनुदान हवं तर हजेरी आणि तपासणी आलीच. सलग कागद मिळण्याची शक्यता तिथून पुढे वाढते.

शोध शाळेच्या जनरल रजिस्टरपासून, म्हणजे मुलींच्या प्रवेशाच्या नोंदवहीपासून, सुरू करा. सर्वांत जुन्या बाडातला पहिला प्रवेश क्रमांक १ नसेल, तर आधीचं बाड हरवलंय असं समजा. कित्येक वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या आणि एकाच शाईच्या असतील, तर ती नंतर उतरवून काढलेली प्रत आहे. तिच्या तारखा दुसऱ्या कागदाशी ताडून पाहा. शक दिला असेल तर ७८ मिळवा; जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या नोंदींना ७९.

त्यानंतर मिशनचे वार्षिक अहवाल. इथे बहुतेकांची वाट चुकते, कारण संस्थांची नावं बदलत गेली. विल्सन आले स्कॉटिश मिशनरी सोसायटीतर्फे. १८३५ मध्ये ते काम चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेलं. १८४३ मध्ये त्या चर्चमध्ये फूट पडली आणि विल्सन फ्री चर्चमध्ये गेले. १९०० नंतर तेच युनायटेड फ्री चर्च झालं आणि १९२९ मध्ये त्यातले बहुतेक पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिळाले. एकाच नावाखाली शोधलंत तर मधली वर्षं कोरी दिसतील. स्कॉटिश मिशनचे बरेच कागद एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, अमेरिकन मिशनचे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात. शिक्षण खात्याच्या जुन्या अहवालांसाठी मुंबईतच, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात जा. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे १८४२ पासूनचे अंकही चाळा.

प्रश्न : सावित्रीबाई फुले मिशनच्या शाळेत शिकल्या का?

उत्तर : अध्यापनाचं शिक्षण त्यांनी नगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. मिस फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ मध्ये नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. जोतीरावांनी नगरची त्यांची मुलींची शाळा पाहिली होती. मात्र १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा ही फुल्यांची स्वतःची. तिला मिशनची शाळा म्हणू नये.

प्रश्न : रजिस्टरची पानं तुटताहेत. लॅमिनेट करून घेऊ का?

उत्तर : मुळीच नको. ते पुन्हा सुटत नाही आणि उष्णतेने कागद आणखी खचतो. चिकटपट्टीही लावू नका. तिचा गोंद पिवळा पडून शाईत उतरतो. अनेक जुन्या शाया आम्लधर्मी असतात, त्यामुळे पान अक्षराच्या रेषेवरच चिरतं. अशी पानं कमीत कमी उलटा. आधी प्रत्येक पानाचा फ्लॅशशिवाय फोटो काढा, कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घाला, सुटे तुकडे ज्या त्या पानाच्या पाकिटात ठेवा आणि बाड आम्लरहित कागदात गुंडाळून आडवं ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा, पावसाळ्यात ओल तिथूनच येते.