होल एकटं चालत नाही

प्रश्न : सिलिकॉनमधलं होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा आणि ती सहज सरकते, असं आम्ही शिकलो. विद्युतरोधक कॉपर ऑक्साइडमध्ये मात्र होल अडखळत चालतं, असं सर म्हणाले. ते का?
– एक विद्यार्थिनी, बी.एस्सी. दुसरे वर्ष, सांगली

उत्तर : तुमचा प्रश्न वाचला आणि 1988 सालची एक काळी गोळी डोळ्यांसमोर आली. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड बनवत होते. हा अतिवाहक, म्हणजे पुरेशा थंडीत ज्याचा रोध शून्य होतो आणि जो चुंबकाला अधांतरी उचलून धरतो असा पदार्थ. भुकट्या अगेटच्या खलात घोटायच्या, 900 अंशांच्या वर भाजायच्या, पुन्हा घोटायच्या, मग दाबून रुपयाएवढी गोळी करून परत भट्टीत. शेवटच्या भाजणीला मी घाई केली आणि लाल तापलेली गोळी तशीच बाहेर काढली. गार झाल्यावर ती द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली, वर चुंबक ठेवला. तो तसाच पडून राहिला. रोध मोजला, तर थंडीत तो कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता.

माझ्या सरांनी गोळी टाकू दिली नाही. “तिला ऑक्सिजन कमी पडलाय, तेवढा दे,” म्हणाले. तीच गोळी ऑक्सिजनच्या प्रवाहात 450 अंशांना रात्रभर ठेवली आणि सावकाश निवू दिली. दुसऱ्या दिवशी चुंबक तिच्यावर अधांतरी राहिला. गोळी आधीही काळी, नंतरही काळी. आत गेलेल्या ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन ओढून घेतले होते आणि तांबं-ऑक्सिजनच्या थरांत होल तयार झाले होते. विद्युतरोधक आणि अतिवाहक यांच्यात फरक होता तो एवढाच.

आता ही होल चालतात कशी ते पाहू. त्यासाठी लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइड घेऊ, त्याची रचना सोपी आहे. त्यात तांब्याच्या प्रत्येक अणूवर एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. पुस्तकातल्या ऊर्जापट्ट्यांच्या (पदार्थात इलेक्ट्रॉनला ज्या ऊर्जा मिळू शकतात त्यांच्या पट्ट्यांच्या) हिशेबाने हा धातू व्हायला हवा. पण एकाच तांब्यावर दोन इलेक्ट्रॉन आले की त्यांचं प्रतिकर्षण फार मोठं होतं, म्हणून जो तो आपापल्या जागी अडकून बसतो. त्याला हलवायला सुमारे 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. शिवाय प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक बारीक चुंबक असतो, आणि साधारण 325 केल्विनच्या खाली हे चुंबक एक वर, एक खाली असे आळीपाळीने लागतात.

शाळेच्या पटांगणावरची कवायत आठवा. मुलं चौकटीत उभी आहेत. एकाचं तोंड पूर्वेला, तर त्याच्या चारही शेजाऱ्यांचं पश्चिमेला. मधला पूर्वेचा मुलगा निघून गेला. शेजारचा पश्चिमेचा मुलगा तोंड न वळवता त्या जागेत सरकला. आता त्याच्या बाजूच्या तिघांचीही तोंडं पश्चिमेलाच आहेत, म्हणजे शिस्त मोडली. रिकामी जागा आणखी चार पावलं गेली की चुकीच्या तोंडांची रांगच मागे लागते. पाऊल वाढेल तशी ऊर्जेची किंमत वाढते, आणि ताणलेल्या दोरीसारखी ती होलाला मागे खेचते. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन जोड्यांनी असतात. तिथे मोडायला अशी शिस्तच नसते.

तरीही होल जागच्या जागी खिळत नाही. शेजारशेजारचे दोन चुंबक आपसात दिशा बदलू शकतात आणि त्यामुळे मागची रांग थोडी थोडी दुरुस्त होते. होल पुढे जातं, पण या दुरुस्तीच्या वेगाने. मला यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं. होल मोकळं असतं, तर त्याच्या ऊर्जापट्ट्याची रुंदी सुमारे 3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरली असती. 1995 मध्ये स्ट्रॉन्शियम कॉपर ऑक्सिक्लोराइड या विद्युतरोधकावर प्रकाश टाकून, बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांवरून ती मोजली. ती निघाली सुमारे 0.3, आणि पट्टा जितका अरुंद तितकं होल जड चालतं.

कवायतीच्या चित्रात एक दुरुस्ती करायला हवी. होल खरं तर तांब्यावर नसतं, भोवतीच्या चार ऑक्सिजनवर पसरलेलं असतं, आणि त्याचा चुंबक तांब्याच्या चुंबकाला पुसून टाकतो. म्हणजे मुलगा जागेवरच आहे, त्याची दिशा तेवढी नाहीशी झाली. हे झँग आणि राइस या भौतिकशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये मांडलं, नेमकं माझी गोळी फसली त्याच वर्षी.

लॅन्थॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातला की दर अणूमागे एक होल मिळतं. शंभर तांब्यांमागे जेमतेम दोन होल आले की पटांगणभरची शिस्त कोलमडते. पंधराच्या आसपास हाच पदार्थ 38 केल्विनला अतिवाहक होतो.

महाविद्यालयात भट्टी असेल तर दोन गोळ्या करून पाहा, एक स्ट्रॉन्शियम घालून आणि एक न घालता. द्रव नायट्रोजनमध्ये एकीचा रोध उतरेल, दुसरीचा चढेल. लॅन्थॅनम ऑक्साइड मात्र वजन करण्याआधी 900 अंशांना तापवून घ्या. ते हवेतली ओल पितं. ओलं वजन धरलंत तर लॅन्थॅनम कमी पडेल आणि होलांचा सगळा हिशेब चुकेल.