प्रश्न वाचकांचे: लहान चणीच्या नेमबाजाची पहिली शॉटगन

प्रश्न: माझी उंची १५३ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. क्ले नेमबाजी (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम) नुकतीच सुरू केली आहे. सरावाला मिळते ती १२ बोअरची दुनळी. २५ काडतुसांची एक फेरी झाली की दंड काळानिळा पडतो. सगळे म्हणतात, हलकी २० बोअर घे. घेऊ का?

२० बोअर जरूर घ्या, पण या सल्ल्यातला ‘हलकी’ हा शब्द सोडून द्या. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप; आकडा मोठा तेवढी नळी अरुंद. काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३.३ किलोच्या बंदुकीतून झाडलेले काडतूस २.६ किलोच्या बंदुकीतून झाडले, तर खांद्यावर २७ टक्के जास्त ऊर्जा येते. २४ ग्रॅम छर्रे त्याच वेगाने सुटत असतील तर नळी १२ बोअरची की २० ची, याने खांद्याला काही फरक पडत नाही. दुकानात हातात घेतल्यावर सुखद वाटणारी अडीच किलोची २० बोअर दुसऱ्या फेरीला नकोशी होते, त्याचे कारण हेच.

म्हणून आधी काडतूस बदला. २८ ग्रॅमऐवजी २४ ग्रॅम छर्ऱ्यांचे घेतले आणि वेग तोच राहिला, तर धक्क्याची ऊर्जा जवळपास पाव हिश्शाने उतरते. २१ ग्रॅमचे मिळाले तर आणखी चांगले. खोक्यावर छपलेला वेगही वाचा. जास्त वेगाचे काडतूस नवशिक्याला काहीच मिळवून देत नाही. २४ ग्रॅम कमी पडतील ही भीती बाळगू नका. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीट या क्ले नेमबाजीच्या प्रकारांत कमाल मर्यादाच तेवढी आहे.

आता दंडाबद्दल. खांदा न दुखता दंड काळानिळा पडतो, यातच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. दस्त्याचा, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडाचा, मागचा भाग गळ्याचे हाड आणि खांद्याचा सांधा यांच्यामधल्या खळगीत बसायला हवा. दस्ता लांब असला की तो तिथे पोचत नाही, काखेच्या कपड्यात अडकतो आणि बाहेर घसरून दंडावर टेकतो. मग सगळा धक्का दंडाच्या स्नायूवर. दंडाऐवजी गाल दुखत असता तर मी आधी दस्त्याच्या उंचीकडे पाहिले असते.

लांबी मोजतात ती चापाच्या पुढच्या कडेपासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंत. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक बंदुकींत ती ३६२ ते ३७५ मिलिमीटर असते. तुमच्या चणीला बहुधा ३२५ ते ३४० लागेल. कोपराच्या खोबणीत दस्ता टेकवून बोट चापापर्यंत पोचते का, ही चाचणी सर्रास केली जाते. तिच्यावर जाऊ नका, ती फक्त कोपरापुढचा हात मोजते. मान, छाती आणि खांद्याची रुंदी तिच्या हिशेबात येतच नाही.

त्यापेक्षा असे करा. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे आधी डोळ्यांनी पाहा. सरावाचे जाकीट घाला. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर सहज टेकवा, मग डोळे उघडा. मूठ धरलेल्या हाताचा अंगठा आणि नाक यांत दोन बोटांचे अंतर हवे. नाक अंगठ्याला लागत असेल तर दस्ता आखूड, तीन बोटांहून जास्त फट असेल तर लांब. त्याच स्थितीत नळीवरच्या पट्टीची बारीक चीर आणि टोकाचा मणी दिसायला हवा. पट्टी दिसतच नसेल तर गाल टेकतो ती धार खाली आहे. अशा बंदुकीवर नवशिका नकळत डोके उचलतो आणि छर्रे चकतीच्या वरून जातात. लांब मानेच्या नेमबाजाला, विशेषतः स्त्रियांना, ही धार उंच लागते. धार वरखाली करता येणारा दस्ता मिळाला तर थोडे जास्त पैसे मोजूनही तो घ्यावा. दस्त्याचे खालचे टोक छातीत रुतत असेल तर ते थोडे बाहेर वळवून घ्यावे लागते. ते काम दस्ते बसवणाऱ्या जाणकाराचे आहे.

वजन ३ किलोच्या आसपास असू द्या. खांद्याला लावून ३० सेकंद धरा. कमरेतून मागे वाकावे लागले तर बंदूक पुढून जड आहे. मग ७६ सेंटिमीटरची नळी सोडून ७१ ची धरून पाहा.

प्रश्न: दुनळी बरी की सेमी-ऑटो?

सेमी-ऑटो म्हणजे झाडल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणारी. धक्का हीच मुख्य अडचण असेल तर गॅसवर, म्हणजे काडतुसाच्या वायूच्या दाबावर, चालणारी सेमी-ऑटो. तिच्यात एकूण ढकल तेवढीच असते, पण ती जास्त वेळात पसरते, म्हणून टोचत नाही. इनर्शियावर, म्हणजे बंदुकीच्या मागे येण्याच्या झटक्यावर, चालणाऱ्या सेमी-ऑटोत हा फायदा बराच कमी मिळतो, तेव्हा घेताना नीट विचारून घ्या. दोन गोष्टी आधी तपासा. २१ ग्रॅमच्या काडतुसावर काही बंदुका पुढचे काडतूस भरत नाहीत, अडकतात. आणि डावखुऱ्याच्या चेहऱ्यासमोरून झाडलेली रिकामी काडतुसे उडतात, त्याला डावी बनावट लागते.

शिकवण्याच्या दृष्टीने मात्र खाली-वर नळ्यांची दुनळी सरस. ती उघडली की रिकामी आहे हे दहा पावलांवरूनही दिसते. सेमी-ऑटो घेतलीच तर पहिले काही महिने एका वेळी एकच काडतूस भरा.

प्रश्न: १२ वर्षांच्या मुलीला .४१० ने सुरुवात करून द्यावी का?

नको. .४१० हे इंचातले माप, तिची नळी २० बोअरहूनही अरुंद. २.४ मिलिमीटरचे छर्रे धरले तर २४ ग्रॅमच्या काडतुसात ते सुमारे ३०० असतात, .४१० च्या १४ ग्रॅममध्ये पावणेदोनशेच्या आसपास. चकती अवघी ११ सेंटिमीटर व्यासाची. नेम बरोबर असूनही ती विरळ छर्ऱ्यांमधून सुटून जाते आणि मूल समजते की आपल्यालाच जमत नाही. .४१० हाताला मऊ आहे, पण ती मुरलेल्या नेमबाजाची बंदूक. मुलीला २० बोअर द्या, २१ ग्रॅमचे काडतूस आणि आखूड दस्त्यासह. २८ बोअरही उत्तम, फक्त तिच्या काडतुसांत निवड कमी असते. चोक (नळीच्या तोंडाचा आवळ) मोकळा ठेवा आणि पहिल्या चकत्या समोरून दूर जाणाऱ्या, संथ असू द्या. ‘वाढत्या अंगाची आहे’ म्हणून मोठी बंदूक घेऊ नका. दस्ता आणि त्याच्या मागच्या टोकाचे रबरी पॅड यांच्यामध्ये पातळ तुकडे (स्पेसर) घालून लांबी वाढवता येते, तसे मॉडेल निवडा.

आणि कोणता डोळा प्रबळ आहे तेही पाहा. दोन्ही हातांच्या पंजांत छोटी खिडकी करून दोन्ही डोळ्यांनी दूरची वस्तू पाहायला लावा, मग तिचा एकेक डोळा झाका. उघड्या ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसते, तो प्रबळ. उजव्या खांद्याची मुलगी आणि डावा डोळा प्रबळ, असे निघाले तर खांदा बदलून पाहा. अजून सवय लागलेली नाही, तोवर ते सोपे जाते.

प्रश्न: घरात १२ आणि २० दोन्ही बोअर आहेत. काही काळजी?

मोठी काळजी. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते. चाप ओढल्यावर काही होत नाही, नेमबाज मागे १२ चे काडतूस भरतो आणि नळी फुटते. २० बोअरची काडतुसे पिवळी करतात ती याचसाठी, पण रंगावर विसंबू नका. दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या, आणि एका वेळी खिशात एकाच बोअरची काडतुसे.

प्रश्न: जुन्या बंदुकीचा दस्ता कापून आखूड करावा का?

३५ मिलिमीटरपर्यंत चालते, पण कापण्याआधी पॅडची जाडी हिशेबात घ्या. २० मिलिमीटरचे पॅड लावायचे असेल तर लाकूड तेवढे आणखी कापावे लागते. हे विसरले की बंदूक पुन्हा लांबच राहते. एकदम पूर्ण कापू नका. ठरलेल्या मापापेक्षा ५ मिलिमीटर जास्त ठेवून शंभरेक काडतुसे झाडा, मग उरलेले ठरवा. कापाचा कोन मूळ टोकासारखाच ठेवा, नाहीतर खालचे टोक रुतायला लागते. मूठ जाड असेल तर ती कापून बारीक होत नाही, बोट चापापर्यंत ताणावेच लागते. तशी बंदूक सोडलेली बरी. मागचे लाकूड गेल्याने तोल पुढे सरकतो. दस्त्यातल्या बोल्टच्या भोकात १०० ते १५० ग्रॅम वजन घट्ट बसवा, म्हणजे तोल परत मागे येतो आणि धक्काही थोडा उतरतो.