समेट, सलोखा की मनोमिलन?

मेलबर्नहून एका ताईंचा प्रश्न आलाय. मे महिन्याच्या अखेरीस तिथली मराठी मंडळी इंग्रजी-मराठी असा द्विभाषिक कार्यक्रम करणार आहेत. ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी समाजातल्या एक वडीलधाऱ्या बाई येऊन गोष्टी सांगतील, मग मुलांची गाणी. निमित्त ‘नॅशनल रिकन्सिलिएशन वीक’चं, म्हणजे मूळ रहिवासी आणि बाकीचा समाज यांचे संबंध सुधारावेत म्हणून तिथे पाळल्या जाणाऱ्या सप्ताहाचं. पत्रिकेत रिकन्सिलिएशनला मराठीत काय लिहायचं, यावर मंडळात दोन तट पडलेत: समेट आणि मनोमिलन. शिवाय ॲबोरिजिनलला ‘आदिवासी’ चालेल का, हेही त्यांनी विचारलंय.

मनोमिलन नकोच. बातम्यांनी तो शब्द इतका झिजवलाय, की निवडणुकीच्या तोंडावर एकमेकांना पेढा भरवणारे दोन पुढारीच डोळ्यांपुढे येतात. दिलजमाईचीही तीच गत. तडजोडीत दोघांनी थोडं थोडं सोडायचं असतं. ज्यांची जमीन गेली, पोटची मुलं सरकारने उचलून नेली, त्यांनी आणखी काय सोडायचं? समेट त्यातल्या त्यात बरा, पण समेट होतो भांडणानंतर, आणि भांडण म्हटलं की टाळी दोन हातांनी वाजली असणार असं आपण धरून चालतो.

माझं मत सलोख्याला. मूळ अरबी ‘सुलूक’, म्हणजे वागणूक. पेशवाईतल्या कागदांत ‘सलूख’ तहाच्या अर्थाने येतो. आज सलोखा म्हणजे एकमेकांशी नीट वागून नांदणं. आणि या शब्दात एक गोष्ट नाही, ती नाही हेच उत्तम. इंग्रजी शब्दाच्या तोंडालाच ‘पुन्हा’ चिकटलेला आहे, आणि अनेक ॲबोरिजिनल लोकांचा आक्षेप नेमका तोच: आधी सख्य होतं कधी, की ते पुन्हा व्हावं? ब्रिटिशांनी १७८८ साली वसाहत केली आणि जमीन कुणाचीच नाही असं धरून ती बळकावली. ही समजूत तिथल्या हायकोर्टाने (नाव हायकोर्ट, पण देशातलं सर्वोच्च न्यायालय तेच) मोडीत काढली ती थेट ३ जून १९९२ रोजी, एडी माबो यांच्या जमीनहक्काच्या खटल्यात. (निकाल ऐकायला माबो नव्हते, त्याच वर्षी जानेवारीत ते वारले.) सप्ताह ३ जूनला संपतो तो यामुळे. सुरू होतो २७ मे रोजी, कारण १९६७ साली त्या तारखेला झालेल्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतं या लोकांना जनगणनेत मोजावं आणि त्यांच्यासाठी कायदे करायचा अधिकार केंद्राला द्यावा या बाजूने पडली. सलोखा पहिल्यांदाही होऊ शकतो. म्हणून ‘पुनर्मीलन’ वगैरे जड शब्दांच्या वाटेला जाऊ नका.

सलोख्याची एक उणीव मात्र मान्य. शब्द मऊ आहे. ‘जातीय सलोखा’ म्हटलं की शांतता समितीची बैठक आणि चहा. झालेलं कबूल करणं त्यात येत नाही. त्यासाठी जुन्या मराठीत ‘रुजुवात’ होती: दोन्ही पक्षांना, किंवा दोन वह्यांना, समोरासमोर आणून खरं काय ते ताडून पाहणं. पत्रिकेत ती कुणाला कळणार नाही, पण निवेदनात जरूर घाला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या योल्ङू या ॲबोरिजिनल लोकांच्या भाषेत ‘मकराता’ आहे, संघर्षानंतर एकत्र येणं. परंपरेत त्या विधीत अपराध्याच्या मांडीत भाला खुपसत, तेव्हा कुठे तंटा मिटे. मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींनी २०१७ साली काढलेल्या उलुरू निवेदनात हाच शब्द घेतलाय.

जाता जाता: दिलगिरी आणि माफी यांची गल्लत करू नका. १९९९ साली पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत व्यक्त केली ती दिलगिरी. आईबापांपासून तोडलेल्या ‘चोरलेल्या पिढ्यां’ची माफी मागितली केविन रड यांनी, १३ फेब्रुवारी २००८ रोजी. मधली साडेआठ वर्षं या दोन शब्दांतल्या अंतरावर वाद चालला होता. मराठीत ते अंतर आयतं मिळतंय.

आता ‘आदिवासी’. शब्दार्थ अचूक आहे, पण वाचणाऱ्याच्या मनात वारली, गोंड, कातकरी येतील. ‘मूळनिवासी’ला आपल्याकडे वेगळा राजकीय रंग आहे. मी ‘ॲबोरिजिनल’ तसाच ठेवीन, पहिल्या उल्लेखाला ‘ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी’ एवढी ओळख जोडून. आणि ‘टॉरेस सामुद्रधुनीतले बेटवासी’ वेगळे लिहा, तेही मूळ रहिवासीच, पण समाज निराळा. वर ज्यांचं नाव आलं ते माबो तिथल्याच मेर बेटावरचे, म्हणजे ॲबोरिजिनल नव्हेत. ‘एल्डर’ना ज्येष्ठ नागरिक करू नका, एसटीचं अर्धं तिकीट आठवतं. वडीलधारी मंडळी छान.

ताई, तुम्ही पाठवलेल्या पत्रिकेच्या मसुद्यात आणखी एक गफलत दिसली. मंडळाच्या अध्यक्षांच्या नावापुढे ‘भूमि-स्वागत’ (इंग्रजीत ‘वेलकम टू कंट्री’) लिहिलंय. ते स्वागत फक्त त्या भूमीचे परंपरागत धनीच करू शकतात. आपण पाहुणे, आपल्याकडे फक्त ऋणनिर्देश. आणि तिथे ‘कंट्री’चा अर्थ देश नाही, जमीन, पाणी, आकाश, पूर्वज सगळं त्यात आलं. ‘भूमी’ पुरेल. कोकणात काहीही करण्याआधी गाऱ्हाणं घालून जागेवाल्याला हाक मारतात, त्यातला भाव याच्या जवळ जातो. फरक इतकाच की गाऱ्हाणं देवाला असतं, आणि हे जागेवाले तुमच्यासमोर पहिल्या रांगेत बसलेले असतील.

पत्रिकेत मी असं लिहीन: ‘सलोखा सप्ताह. भूमीच्या धन्यांकडून स्वागत, मंडळाकडून ऋणनिर्देश, मग गोष्टी.’