नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षे

चिरंजीव लेखिकेस अनेक आशीर्वाद.

तुझ्या रहस्यकादंबरीचे हस्तलिखित दोनदा वाचले. गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारातून एक माणूस नाहीसा होतो आणि तिसऱ्याच प्रकरणात त्याचे प्रेत, 2012 साली खाणी बंद पडल्यावर पाण्याने भरलेल्या एका खंदकात सापडते. माझा सारा आक्षेप या तिसऱ्या प्रकरणाला आहे. प्रेत सापडले की दहन होते, दहावे-बारावे होते, सुतक फिटते आणि शोकाला वाट मिळते. ते सापडलेच नाही तर घर कसे जगते, हे तू लिहावेस असे मला मनापासून वाटते.

सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही, तो मेला असे कायदा गृहीत धरतो. आपली जुनी रूढी मात्र बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करायला आणि त्याला अग्नी द्यायला सांगते. या दोन आकड्यांमधल्या पाच वर्षांत तुझी खरी कादंबरी आहे. तेव्हा त्याच्या बायकोने एखाद्या सरकारी कागदावर विधवा म्हणून सही केलेली असेल, आणि चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभी राहताना तिच्या कपाळावर कुंकू असेल. हळदीकुंकवाला तिला बोलवावे की नाही, हे शेजारणींना ठरवता येणार नाही.

गुन्हेगार कोण, हे लहान गावात फार काळ लपत नाही, म्हणून रहस्य तिथे ठेवू नकोस. भोंगा वाजवत पाव विकायला येणाऱ्या पदेरालासुद्धा कोणत्या दारात दोन पाव कमी लागू लागले हे लगेच कळते. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोणीच का बोलत नाही, याने वाचक अस्वस्थ व्हायला हवा.

मे महिन्यात एकदा सांग्याला जाऊन ये. साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, पाणी उतरल्यावर वर येते. तिथून उठवलेली माणसे सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात आणि आपापल्या घराचे जोते शोधतात. एक वृद्ध बाई, नसलेला उंबरठा ओलांडावा तसा पाय उचलून आत गेलेली मी तिथे पाहिली आहे. असे काही लिहिशील तेव्हा त्याखाली स्पष्टीकरणाचे एकही वाक्य जोडू नकोस.

तूर्त तिसरे प्रकरण काढून टाक. पुतळ्यावर त्याचा कोणता सदरा घालायचा, हे कपाटापुढे उभी राहून ती ठरवते, तेवढाच प्रसंग लिहून मला पाठव.