इंजिन कोरलंय म्हणून ते रेल्वेचं होत नाही

प्रश्न: काका नमस्कार, आजोबा रेल्वेत गार्ड होते, त्यांचं खिशातलं घड्याळ मोठ्या काकांकडे गेलं, त्यामुळे आता मला स्वतःसाठी एक जुनं अमेरिकन रेलरोड पॉकेट वॉच घ्यायचंय. शोभेला नाही हं, रोज वापरायला. ऑनलाईन दोन बघून ठेवलीत. एक चकाचक आहे, मागे मस्त वाफेचं इंजिन कोरलंय आणि स्वस्तही आहे. दुसरं हॅमिल्टन कंपनीचं ९९२बी मॉडेल, केस (म्हणजे बाहेरचं कवच) घासलेली, किंमत जवळजवळ तिप्पट. रोज अ‍ॅक्टिव्हावरून प्रतापनगरला जातो. कोणतं घेऊ? बायको म्हणते दोन्ही नको.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: वहिनींचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण घ्यायचंच ठरलं असेल तर घासलेलं घ्या. इंजिनवाल्याला तर मी हातही लावणार नाही. अमेरिकेत पूर्वी घड्याळाचं मशीन वेगळं विकलं जायचं आणि केस वेगळी, गिऱ्हाईक आपल्या पसंतीची केस निवडायचं, त्यामुळे मागचं चित्र आतल्या मशीनबद्दल काहीच सांगत नाही. उलट साधी स्वस्त घड्याळं खपावीत म्हणूनच त्यांच्यावर इंजिनं काढलेली मी ढिगाने पाहिलीत, डायलवर 'रेल्वे रेग्युलेटर' लिहिलेली रॉस्कोफ पद्धतीची, म्हणजे साध्या स्वस्त मशीनची घड्याळं तर आपल्याकडे कितीतरी घरांत निघतील. बिचारी चालतात, पण खरं रेलरोड घड्याळ म्हणजे ती नव्हेत.

खरं कुठलं ते सांगतो. १८९१ साली ओहायोत किप्टन इथे दोन गाड्यांची टक्कर झाली, ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं असं सांगतात. त्यानंतर वेब बॉल नावाच्या क्लीव्हलंडच्या जवाहिऱ्याला रेल्वेवाल्यांनी आपल्या माणसांची घड्याळं तपासायला नेमलं आणि पुढे नियमच झाले, म्हणजे उघडी डायल, मोठे ठळक आकडे, किल्लीची मूठ बाराच्या वर, आत चाकांचे दांडे टेकायला वगैरे कमीत कमी १७ खडे, पाच पोझिशनमध्ये (आडवं, उभं असं कसंही धरलं तरी) जुळवलेलं आणि आठवड्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नाही. तापमानाचीही अट होती, ३४ ते १०० फॅरनहाइट, म्हणजे आपले साधारण १ ते ३८ डिग्री. आता मे महिन्यात बडोद्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको! खिशात ते अंगाच्या उष्णतेवर राहतं म्हणून ठीक, पण अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत उन्हात ठेवलंत तर तेल पातळ होऊन पसरेल.

तुमचं ९९२बी या नियमांत बसणारं, १९४० ते १९६९ या काळातलं, २१ खड्यांचं. विकणाऱ्याला मागचं झाकण उघडून फोटो पाठवायला सांगा. मशीनवर मॉडेल कोरलेलं असतं आणि नंबर 'सी' अक्षराने सुरू होतो, केसवरचा नंबर वेगळा असतो त्याच्याकडे बघू नका. मग एक व्हिडिओ मागा, घड्याळ आधी पालथं आणि मग मूठ वर करून उभं धरलेलं, दोन्ही वेळा बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, मोकळं, चांगलं रुंद फिरलं पाहिजे. उभं धरल्यावर मरगळलं तर समजा तेल सुकलंय किंवा पिव्हट, म्हणजे चाकाच्या दांड्याचं टोक, झिजलाय. "टिकटिक चालू आहे" एवढं उत्तर देणाऱ्याकडून घेऊ नका, आणि सर्व्हिसिंगचे पैसे किमतीत धरूनच चाला.

दोन सवयी मात्र बदलाव्या लागतील. एक म्हणजे वेळ लावायची पद्धत. मूठ ओढून काटे फिरत नाहीत, पुढची काचेची कडी फिरवून काढायची, एकच्या आकड्याजवळची बारीक पट्टी नखाने बाहेर ओढायची, मग मूठ फिरवून वेळ लावायची आणि पट्टी आठवणीने आत ढकलायची. खिशात चुकून काटे हलू नयेत म्हणूनच ही भानगड. जोर लावून मूठ ओढत बसलात तर घड्याळजीचं बिल ठरलेलंच.

दुसरी साखळी. या घड्याळांना शॉकप्रूफची सोय नाही. माझं एकदा नळ बंद करायला वाकलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातून ओट्यावर पडलं, काचेला ओरखडा नाही, मी खूश, पण कानाला लावलं तर गप्प. मांडवीच्या घड्याळजीने भिंग लावून दाखवलं, बॅलन्सच्या दांड्याचं केसाएवढं टोक तुटलेलं. ते एवढंसं टोक मिळवून बसवायला दीड महिना गेला. तेव्हापासून मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो आणि साखळी काजात अडकवतो. पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर तर मुळीच नको.

सकाळी चहाच्या वेळी किल्ली, रोज त्याच वेळी. रात्री टेबलावर आडवं न ठेवता खिळ्याला टांगा म्हणजे दिवसासारखंच उभं राहील आणि चाल फारशी बदलणार नाही. तीन-चार वर्षांनी एकदा साफसफाई आणि तेल.

प्रश्न: माझं वडिलांचं खिशातलं घड्याळ इतकी वर्षं नीट चालत होतं, आता अचानक रोज पाच-सहा मिनिटं पुढे जातं. घड्याळजी बदलू का?
– एक वाचक, कारेलीबाग, बडोदा

उत्तर: आधी खिसा बदला! मोबाईल त्याच खिशात ठेवता ना? त्याच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, जुन्या पोलादी हेअरस्प्रिंगला (बॅलन्स व्हीलच्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगला) चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटतं. घड्याळजीला फक्त डिमॅग्नेटाइझ करायला, म्हणजे चुंबकत्व काढायला सांगा, मिनिटाभराचं काम आहे, त्यासाठी घड्याळ उघडावंही लागत नाही. त्यानंतरही पुढे जात असेल तर मग उघडून बघू.