मंगळावर बटाटे खरंच पिकतील का?

प्रश्न असा आहे: ‘द मार्शियन’ सिनेमात अंतराळवीर मंगळावर एकटा अडकतो आणि बटाटे पिकवून जगतो, ते खरंच शक्य आहे का? आणि माणसं तिकडे राहायला कधी जातील?

बटाटे पिकतील, पण सिनेमात दाखवलेल्या मातीत तसेच्या तसे नाहीत. राहायला जाण्याचं मात्र अवघड आहे, आणि ते रॉकेटमुळे नाही. रॉकेटचा भाग सिनेमावाले बरा दाखवतात. घोडं पेंड खातं ते हवा, पाणी, माती आणि वीज यांच्या रोजच्या हिशोबात.

आधी वादळाचं उरकून घेऊ. 2015 च्या या सिनेमाची अख्खी गोष्ट सुरू होते ती वादळाने यान कलंडायला लागतं म्हणून. मंगळावरची हवा इतकी विरळ आहे की तिचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. ताशी शंभर किलोमीटरचा वारा सुटला तरी अंगाला तो आपल्याकडच्या बारा-तेरा किलोमीटरच्या झुळुकेएवढाच लागेल. ही सूट कथेसाठी घेतल्याचं मूळ कादंबरीचे लेखक अँडी वीअर यांनी स्वतःच मान्य केलंय, त्यामुळे त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

आता शेती. बेणं कुठून आलं हे सिनेमात व्यवस्थित दाखवलंय. थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी पाठवलेले कच्चे बटाटे असतात, त्यांचे डोळे ठेवून तो फोडी करतो आणि लावतो. खताला माणसाचा मैला. हायड्रॅझिन हे इंधन इरिडियम या धातूवरून सोडलं की त्यातून नायट्रोजन आणि हायड्रोजन सुटतो आणि तो हायड्रोजन जाळला की पाणी मिळतं, हे रसायनशास्त्र पक्कं आहे. स्वतःच्या श्वासातून बाहेर पडलेला ऑक्सिजन हिशोबात धरायला तो विसरतो आणि स्फोट होतो, तो प्रसंग तर मला फार आवडतो. असल्या चुका प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसालाच सुचतात.

सिनेमात नाही ती गोष्ट म्हणजे परक्लोरेट. नासाचं फिनिक्स यान 2008 मध्ये मंगळाच्या उत्तर भागात उतरलं, तेव्हा तिथल्या मातीत हे क्षार सापडले, साधारण अर्धा ते एक टक्का. हे क्षार थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत. ते पाण्यात विरघळतात, म्हणजे माती धुऊन घेता येईल. पण एक खोलीभर माती धुवायला लागणारं पाणी आणि ते पाणी पुन्हा स्वच्छ करण्याची सोय, हे दोन्ही आधी हवं.

मग जागा आणि वीज. माणसाला दिवसाला समजा तीन किलो बटाटे लागले, तर शंभर दिवसांच्या एका पिकातून तीनशे किलो निघायला हवेत. हेक्टरी 25 टन हा आपल्याकडचा चांगला उतारा धरला, तर एका माणसामागे सव्वा गुंठ्याच्या आसपास, म्हणजे साधारण 120 चौरस मीटर जागा लागते. नियंत्रित हवेत आणि चांगल्या दिव्यांखाली ती बरीच कमी होईल, हे खरं. पण ते दिवे? चौरस मीटरला नुसते शंभर वॅट धरले तरी बारा किलोवॅट होतात. मंगळावर फिरणारा नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर ज्या प्लुटोनियमच्या बॅटरीवर चालतो, ती सुरुवातीला देत होती फक्त 110 वॅट. म्हणजे एका माणसाच्या बटाट्यांसाठी तसल्या शंभराहून जास्त बॅटऱ्या! मंगळावर ऊनही पृथ्वीच्या निम्म्याहून कमी पडतं, त्यात धुळीची वादळं.

बंदिस्त घरात हवा कशी बिघडते याचा सगळ्यात बोलका दाखला मंगळाचा नाहीच, ॲरिझोनाचा आहे. तिथे ‘बायोस्फिअर 2’ नावाच्या प्रचंड काचघरात 1991 मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी बंद करून घेतली होती. झाडं होती, शेती होती, छोटा समुद्रसुद्धा होता. तरी ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला आणि शेवटी बाहेरून भरावा लागला. शेतातल्या सकस मातीतले जीवाणू ऑक्सिजन खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांनी परत ऑक्सिजनमध्ये बदलायला हवा होता, पण त्यातला बराचसा इमारतीच्या काँक्रीटनेच शोषून घेतला. भिंती हवा खातील हे कोणाच्या लक्षात येणार? आणि ही पृथ्वी होती, दार उघडलं की बाहेर मोकळी हवा.

मंगळाच्याच हवेतून ऑक्सिजन काढायचं यंत्र नासाने पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर नेलं होतं, मॉक्सी. ते चाललं, उत्तम चाललं. 2021 ते 2023 मध्ये सोळा वेळा चालवून एकूण 122 ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. एका माणसाला तो साडेतीन तास पुरेल.

काही सिनेमांत बर्फ वितळवून मंगळाला चटकन वातावरण मिळतं, ते साफ सोडून द्या. ब्रूस जेकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या ग्रहशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये हिशोब मांडला. हाती लागण्याजोगा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी दाब पृथ्वीच्या दहा टक्क्यांनाही पोहोचत नाही.

राहता राहिला ‘कधी’. मंगळावर आजवर सुखरूप उतरवलेली सर्वात जड वस्तू म्हणजे पर्सिव्हिअरन्स, 1025 किलो. चार माणसांचं घर, यंत्रं आणि परतीचं इंधन धरलं तर वजन कित्येक टनांत जातं. एवढं ओझं त्या विरळ हवेत नुसत्या पॅराशूटने थांबत नाही, रॉकेट पेटवूनच उतरवावं लागेल. शिवाय तिकडे निघायचा मुहूर्त 26 महिन्यांतून एकदा येतो, म्हणजे काही बिघडलं तर सुटा भाग पाठवायलाही तेवढं थांबा. चार-सहा माणसं जाऊन परत आलेली आपल्या हयातीत दिसतील असं मला वाटतं. बिऱ्हाड करून राहिलेली दिसतील असं वाटत नाही.